माउसचा कासरा

आमच्या शेजारचे तुळशीरामभाऊ कंप्युटरच्या खोलीत शिरताना आधी दारात खाकरतात. मग "हो राजा, हो" म्हणत समोरून हळूहळू जवळ जातात. मागून कधीच नाही. एकदा मी वायर बघायला मागं वाकले तर म्हणाले, "अक्का, मांगून नोका जाऊ. जनावराची अजून पारख नाही झाली."

जन्मभर बैलांत राहिलेला माणूस. इचोड्याच्या रस्त्यावर उधळलेला गोऱ्हा नुसत्या आवाजानं उभा करायचा. आणि इथं स्क्रीन उजळली की कपाळाला घाम. उजवा हात माउसवर, तोही रुमाल टाकून. डाव्या हातात त्याची वायर, कासऱ्यासारखी घट्ट.

"सुटलं तं?"

"कुठं पळंल, भाऊ? टेबलावरून?"

हसायचे नाहीत. खोलीत पाण्याचा गिलास न्यायचा नाही, शिंक आली तर अंगणात जायचं.

आळीत सगळे थट्टा करत, मीही केली. मग कळलं, भीती कशाची ते.

भाऊंची मुलगी रेखा हैदराबादला नोकरीला. जाताना हा कंप्युटर घरी ठेवून गेली. त्यात तिच्या आईचा, म्हणजे आमच्या सुमनचा, एक व्हिडिओ आहे. सुमन मागल्या हिवाळ्यात गेली. त्यानंतर भाऊंनी बैलही विकले. व्हिडिओ मात्र एकदाही बघितला नव्हता.

"म्या दाबलं अन् थे पुसल्या गेली तं, अक्का?" इतकं हळू म्हणाले, जणू कंप्युटरला ऐकू जाऊ नये. "एकडाव गेली. आता माह्या बोटानं जाईन."

"मग मी दाबते."

"नाही. मीच."

मी चौथी शिकलेली बाई. आमच्या किराणा दुकानात कंप्युटर आला तेव्हा दाबत दाबतच शिकले. तेलाचा भाव मिठाला लावून बसले होते. दुकान अजून उभं आहे. म्हटलं, चला, शिकवते. दुपारची शिकवणी सुरू झाली. पुसायचं बटण कोणतं ते पहिल्यांदा दाखवलं. दुसऱ्या दिवशी बघते तर त्यावर बाटलीचं झाकण चिकटवलेलं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपल्याकडे बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतन देतात. भाऊंचा गोठा रिकामा. मला ते बघवेना म्हणून कंप्युटरच्या खोलीत डोकावले, तर माउस पिवळाधमक, तुपानं बुळबुळीत.

"हे काय, भाऊ?"

"खांदे मळले. आता मारनार नाही."

रुमाल बाजूला ठेवला. भाऊंनी व्हिडिओवर बाण नेला. दाबलं. स्क्रीन काळी झाली.

"गेली," भाऊ म्हणाले. मी बटणावरचं झाकण जागेवर आहे का बघितलं.

मग स्क्रीनवर गोठा दिसला. सुमन बैलाच्या खांद्यावर हळदीचा हात फिरवत होती. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," ती बैलाला म्हणाली. मग मान वर करून, व्हिडिओ काढणाऱ्या रेखाच्या बाजूला उभ्या असलेल्या भाऊंना, "अन् तुमी बी."

भाऊंच्या हातातली वायर सुटली. त्यांना कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचं ताट घेऊन गेले. भाऊ अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून कंप्युटरसमोर बसलेले.

"ताट कुठं ठेवू? बाहेर?"

त्यांनी कीबोर्ड हळूच बाजूला सरकवला.

"इथंच ठेवा, अक्का. आवतन इथूनच आलं ना."