तिसरा चेंडू

टक्. टक्. टक्.

दुपारच्या चिडीचूप घरात सासऱ्यांच्या खोलीतून आवाज आला आणि ओटा पुसणाऱ्या सुनेचा चेहरा खुलला. ती नर्स. सासऱ्यांच्या फुप्फुसातला कॅन्सरचा भाग तिच्याच वॉर्डात काढला होता. उरलेलं फुप्फुस फुलावं म्हणून घरी एक यंत्र दिलं होतं. नळी तोंडात धरून हवा आत ओढली की तीन चेंडू वर जाऊन टोपणाला आपटत. फुप्फुस फुललं नाही तर कफ साचणार, ताप येणार आणि पुन्हा वॉर्डातली खाट.

"तिन्ही आपटले," ती सासूबाईंना म्हणाली. "चार शब्द सुनावले की जमतं बघा."

"आत जाऊन बघ तरी एकदा."

"आवाजावरून कळतं मला. रोजचं काम आहे माझं."

वॉर्डात मात्र ती पेशंटच्या नातेवाइकांना उठताबसता बजावायची, "नुसतं ऐकू नका, समोर उभं राहून बघा."

तिसऱ्या चेंडूची बातमी तिच्या पोटात राहते थोडीच? ती मेट्रनच्या कानावर गेली. मेट्रन म्हणाल्या, "तपासणीला आणाल तेव्हा वॉर्डात फिरवा त्यांना. आपले सगळे पेशंट आळशी झालेत. बघू देत जरा."

सासऱ्यांनी आधी गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं, मग चप्पल सापडेना. शेवटी म्हणाले, "ठकी येणार असेल तर येतो." ठकी म्हणजे पाच वर्षांची नात.

भेटीच्या वेळेत सगळ्या खाटा उठून बसल्या. सासऱ्यांनी यंत्र घेतलं, ठकीला मांडीवर घेतलं आणि सगळ्यांकडे पाठ केली.

"असे काय बसताय, बाबा?" सुनेनं विचारलं.

"लोकांसमोर तोंड वासायला लाज वाटते गं."

टक्. टक्. टक्. वॉर्डात टाळ्या पडल्या. सुनेनं मान ताठ करून सगळ्यांकडे पाहिलं.

"सिस्टर," खिडकीजवळच्या खाटेवरचे एक टेलर चाचरत म्हणाले, "मला काचेत दिसतंय. नळी पोरीच्या तोंडात आहे."

टाळ्या विरल्या. सासऱ्यांचे कान लाल झाले.

"पेशंटची नळी दुसऱ्यानं तोंडात घालायची नाही," मेट्रन हळूच म्हणाल्या, "हे घरी कुणी सांगितलं नव्हतं का?"

हे वाक्य सुनेचंच होतं, रोजचं.

"सुनेला बोलू नका," सासरे म्हणाले. "माझा पहिलाच चेंडू अर्ध्यावर लटकतो. ही दारात आली की तोही खाली बसतो."

"आमच्याकडे बायको ओढते," टेलर पुटपुटले.

पलीकडच्या खाटेनं घाईघाईनं आपलं यंत्र उशीखाली सरकवलं.

मेट्रननी नवी नळी जोडली. सून पुढे झाली. खोकताना दुखू नये म्हणून उशी सासऱ्यांच्या टाक्यांवर धरली आणि नेहमीच्या आवाजात "ओढा" म्हणणार, तोच तिनं जीभ चावली. "तुमच्या सवडीनं, बाबा," ती म्हणाली. हा आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. वॉर्डालाही नाही, कारण दोघेतिघे वळून बघायला लागले.

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि श्वास घेतला. चेंडू हलला, थरथरला, खाली बसला. त्यांना खोकला आला. उशीवरचे तिचे हात घट्ट झाले.

ठकीनं तिचा पदर ओढला.

"आई, तू जरा बाहेर जाऊन थांबतेस का? म्हणजे आजोबांना जमेल?"