गप्प असेल तो हजर

गुंडेराव नळदकर रोज दुपारी चार वाजता धनुष्यांची हजेरी घेतात.

कोठी बाजाराच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, त्यांच्या आणि माझ्या घरामध्ये अर्ध्या विटेची भिंत आहे. गॅलरी सामाईक आहे. मी न्यायालयात सिरस्तेदार होतो. चौतीस वर्षे पुकारे ऐकले. निवृत्तीनंतर ते ऐकावे लागणार नाहीत, अशी माझी समजूत होती. पण चारच्या ठोक्याला पलीकडून आवाज येतो, "रामकिशन!" मग शांतता. मग निकाल, "तंदुरुस्त." पुन्हा, "हबीबमियाँ!" शांतता. "तंदुरुस्त."

पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी चौकशीला गेलो. खोलीत माणूस एकच होता. भिंतीवर खुंट्यांना अठरा धनुष्ये टांगलेली होती, काही बांबूची, काही शिंगाची. प्रत्येकाला मालकाच्या नावाची चिठ्ठी होती. गुंडेराव एकेक उतरवत, नाव घेत, गुडघ्याला लावून किंचित वाकवत आणि त्यावर कान ठेवत.

"हे हबीबमियाँ कोण?"

"माझे उस्ताद. ही विद्या त्यांचीच. जाऊन नऊ वर्षं झाली."

"मग हजेरी कसली?"

"ते गेले. कमानीला कुणी सांगितलं नाही ना, सिरस्तेदारसाब."

अठरांपैकी सात मालक मयत होते, हे मला पुढे कळले. त्या घरांतून कुणी धनुष्य न्यायला आले नाही. गुंडेराव त्यांची नावे जरा हळू घेतात.

गृहस्थ मुळात नोंदणी खात्यातले. निवृत्त झाल्यावर धनुष्यांच्या चिरा तपासणे आणि सांधणे हा उद्योग त्यांनी पूर्णवेळ पत्करला. त्यांच्या भाषेत धनुष्य म्हणजे कमान. तिला पाठ असते, पोट असते आणि मुठीच्या वरखाली दोन हात असतात. एखादे प्रेत न्हाऊ घालावे तशा गांभीर्याने ते कापसाचा बोळा त्या हातांवरून फिरवतात. तंतू अडकला की थांबतात. म्हणतात, "बाल आलाय." बाल म्हणजे केसाएवढी चीर. मग चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीची बारीक खूण करतात. चीर खुणेच्या आत राहिली तर सरस भरून, वर रेशमी दोरा आवळून धनुष्य बरे करतात. खूण ओलांडली तर नाही.

"उभी चीर चालते. बांधून घेतली की जन्म काढते. पाठीवर आडवी आली की संपलं. आणि चीर आधी बोलते बरं का, मग दिसते. वाकवल्यावर जी कमान गप्प राहील ती हजर. जी टक् म्हणाली ती गेली."

ही विद्या त्यांनी धनुष्यापुरती ठेवली असती तर बरे झाले असते. जिन्याच्या चौथ्या पायरीवर पेन्सिलीच्या दोन खुणा आहेत. पाण्याच्या टाकीवर आहेत. कटिंगवाल्याच्या आरशावर आहेत. त्यामुळे गिऱ्हाइकाला आपल्याच गालावर खुणा केल्यासारखे वाटते. माझ्या चहाच्या कपावर त्यांनी मी चहा पीत असताना खुणा केल्या. खालच्या मजल्यावरचे नवराबायको भांडतात, त्यांच्याबद्दलचे मत, "उभी आहे. चालेल." माझा मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीला राहतो. आमचे फारसे पटत नाही. एकदा गुंडेरावांनी विचारले, "आडवी की उभी?" मी चहाचा कप उचलून आत गेलो.

पत्नीच्या निधनानंतर मी त्याच मुलाकडे दोन दिवस गेलो होतो. कुणाला सांगून गेलो नव्हतो. सांगावे असे कुणी उरले नव्हते. परत आलो तर गुंडेराव माझ्या उंबऱ्यावर बसलेले. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या ताज्या खुणा, दोन्ही बाजूंना.

"दाराला चीर आहे?"

"हौ."

"मला दिसत नाही."

"वाढली नाही," असे म्हणून ते उठले आणि घरी गेले.

त्याच आठवड्यात एका दुपारी हजेरी संपत आली असता पलीकडून पुकारा झाला, "नारायणराव!"

नारायणराव मी. माझ्याकडे धनुष्य नाही, कधी नव्हते. हातातला पेला खाली ठेवायचेही सुचले नाही. भिंतीपलीकडे कुणीतरी कान लावून थांबले आहे, एवढे स्पष्ट जाणवले. मी आरामखुर्ची ओढून भिंतीपासून दूर सरकवली. लगेच निकाल आला, "तंदुरुस्त."

मी जाब विचारला. मयतांच्या यादीत माझे नाव कशासाठी? ते म्हणाले, "यादी माझी आहे, साब. अपील नाही."

तेव्हापासून रोज शेवटचे नाव माझे. माणसाला कशाचीही सवय होते. चारला चहा, मग पुकारे, मग माझे नाव, मग मी खुर्ची ओढून गॅलरीच्या दाराशी नेऊन बसणार.

यंदा उन्हाळ्यानंतर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. कित्येक महिन्यांत एकही धनुष्य बाद झाले नव्हते. वैशाखात, लाकूड वाळून कडकडते त्या दिवसांतही सगळी तंदुरुस्त. शिवाय मी बोलू लागलो की गुंडेराव माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत. मी तो उद्धटपणा समजलो.

दसऱ्याच्या आधीच्या मंगळवारी पुकारा झाला, "डॉक्टरीणबाई!" आणि मागोमाग, अर्ध्या विटेपलीकडून, उघड्या गॅलरीतून, मला स्वच्छ ऐकू आले. टक्.

निकाल आला, "तंदुरुस्त."

मी पेला ठेवला आणि गेलो. डॉक्टरीणबाई समोरच बसल्या होत्या. कोठीतच त्यांचा दवाखाना आहे. दर रविवारी त्या धनुर्विद्येचा सराव करतात. त्यांच्या वडिलांचे, म्हणजे नान्नांचे, बांबूचे धनुष्य होते. दसऱ्याला जम्मीची, म्हणजे शमीची, पूजा झाल्यावर त्यातून एक बाण सोडायचा, हा त्यांचा संकल्प. गुंडेराव धनुष्य त्यांच्या हाती देत होते.

"थांबा," मी म्हणालो. "पुन्हा वाकवा."

गुंडेरावांनी माझ्या ओठांकडे पाहिले. वाकवले. टक्. त्यांचा चेहरा तसाच कोरा.

"आता?" त्यांनी विचारले. आवाज अगदी खाली आला होता.

"आता."

ते पुन्हा पुन्हा वाकवत गेले. मी कान जवळ नेला आणि वरच्या हाताच्या पाठीवर एका जागी बोट ठेवले. त्यांनी तिथले रोगण नखाने खरवडले. खाली आडवी चीर होती. पेन्सिल घेऊन त्यांनी दोन खुणा केल्या. खुणा वाकड्या झाल्या. त्यांच्या मी पाहिलेल्या पहिल्या वाकड्या खुणा.

"अंकल, अभी तो आप ठीक बोले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"गलत बोला अम्मा. मेरेकु सुनाई नै आया. इनो सुने."

"एक बाण भी नै? नान्नाका है."

"आधा भी नै. टूटी तो सीधी आँख पे आती. पूजा करो, दीवार पे लगाव. नान्नाकु बुरा नै लगता."

बाईंनी धनुष्य छातीशी धरले. मग त्यांनी आपला डोळा एकदा तळहाताने झाकून पाहिला आणि धनुष्य घेऊन गेल्या.

"किती दिवस?" मी विचारले.

"होळीपासून. मोठे आवाज येतात. बारीक गेले." ते भिंतीकडे बघत राहिले. "अठरा माणसांना मी खोटं बोललो, साब."

त्या संध्याकाळी आम्ही उरलेली सगळी धनुष्ये तपासली. त्यांनी वाकवायचे, मी ऐकायचे. आणखी दोन बोलली. हबीबमियाँ गप्प राहिले.

निघताना मी विचारले, "बारीक आवाज येत नाहीत, तर माझ्या हजेरीला काय ऐकता?"

गुंडेरावांनी उजवा तळहात भिंतीवर ठेवला. तिथला चुना हाताच्या आकाराचा काळवंडला होता.

"चारला तुम्ही खुर्ची ओढता. आधी ऐकू येत होती. आता हाताला कळते. वहिनी गेल्या आणि तुम्ही दोन दिवस कुठं गेलात काय की, भिंतीपलीकडं काही हललंच नाही. तेव्हापासून नाव घेतो." जरा थांबून म्हणाले, "कमान गप्प असली तर बरी. माणसाचं उलटं आहे."

मी काही बोललो नाही. त्यांनी ते कोणत्या सदरात नोंदवले, ठाऊक नाही.

आता हजेरीला मी त्यांच्या खोलीत बसतो. टक् झाले की बोट वर करतो. यादी संपली की परत येऊन खुर्ची ओढतो. पलीकडून निकाल येतो.

त्या यादीत एक नाव नव्हते. ते मी घेतो. "गुंडेराव नळदकर." त्यांना ऐकू जात नाही, म्हणून सोबत भिंतीवर एकदा मूठ आपटतो. पलीकडून एक ठोका येतो.

काल त्या ठोक्याला उशीर झाला. मी दुसऱ्यांदा मूठ आपटली नाही. तळहात भिंतीला लावून उभा राहिलो. भिंत गार होती. चहा निवला. मग हाताखाली ती एकदा हलली.

"तंदुरुस्त," मी म्हणालो.