प्लास्टरमामांचा नंबर

प्लास्टरमामा भर उन्हाळ्यात अंगावर शाल घेऊन परक्या दवाखान्यातल्या बाकावर बसले होते आणि त्यांना दरदरून घाम फुटला होता. घामाचं एक कारण शाल. दुसरं कारण आतल्या खोलीत थांबून थांबून घुर्र घुर्र करत होतं.

शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या मोठ्या इस्पितळात मामा बावीस वर्षं प्लास्टर घालत आणि कापत आले होते. कापायचं यंत्र सुरू करण्याआधी ते प्रत्येकाला खड्या आवाजात बजावत, "काही होत नाही!" कोणी रडायला लागलं तर तेच वाक्य आणखी वरच्या पट्टीत. धीर देण्याची त्यांना एकच पद्धत ठाऊक होती, ती म्हणजे रागावणं.

सहा आठवड्यांपूर्वी घरचा पंखा पुसायला ते स्टुलावर चढले आणि मनगट मोडून खाली आले. बायकोने विचारलं, "स्टुलावर चढायला सांगितलं होतं कोणी?" हे वाक्य एरवी मामाच रोज दहा जणांना ऐकवत. प्लास्टर घालून घेताना काही वाटलं नाही. पण ते काढायचे दिवस जवळ यायला लागले तसे मामा कॅलेंडरकडे पाठ करून बसायला लागले. यंत्राच्या समोरच्या बाजूला ते आजवर कधी बसलेच नव्हते.

त्यात काल इस्पितळातल्या सिस्टरबाईंचा फोन आला. "मामा, परवा हजर होताय ना? तुमचं प्लास्टर इथेच काढू. आम्ही सगळे बघायला जमणार आहोत. बघूच कसं काही होत नाही ते!"

सगळ्या स्टाफसमोर आपण किंचाळलो तर? बावीस वर्षांची अब्रू एका मिनिटात धुळीला मिळणार. म्हणून आज मामा शाल पांघरून गुपचूप इथे आले होते. उद्या मोकळा हात हलवत कामावर जायचं, की विषय संपला.

"तुमचं काय मोडलंय?" शेजारच्या टेम्पोवाल्याने विचारलं. त्याचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता आणि कुबड्या मांडीवर आडव्या होत्या.

"मनगट," मामा पुटपुटले.

"माझ्या पायावर कपाट पडलं. लोखंडी. कपाटाला एक ओरखडा नाही बघा."

"मी तर नुसती खुर्चीतून उठले," समोरच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या. "वही तपासता तपासता पायाला मुंग्या आल्या होत्या. उठले ती घोट्यावरच बसले. वर्गातली पोरं टाळ्या वाजवत होती, त्यांना वाटलं मी नाटक करून दाखवतेय."

"माझा हात मांजरापायी गेला," एक आजी म्हणाल्या. "ते दुधाच्या पातेल्यापर्यंत पोचलं, मी नाही पोचले."

कोपऱ्यात एकजण वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसला होता. त्याचाही पाय प्लास्टरमध्ये होता, पण त्याने काही सांगितलं नाही.

"मोडण्याचं काही नाही हो," टेम्पोवाला आवाज खाली आणून म्हणाला. "खरी भीती काढण्याची. माझ्या चुलतभावाचं काढताना मशीनची चकती गरागरा फिरत थेट हाडात घुसली. पुन्हा नवीन प्लास्टर घालावं लागलं."

शिक्षिकाबाईंनी पाय बाकाखाली ओढून घेतला. आजींनी डोळे मिटले. खरं तर मामांनी इथे गप्प बसायला हवं होतं. पण बावीस वर्षांचा धंदा, कोणी त्याच्याबद्दल खोटं बोललेलं कसं सहन व्हावं!

"चकती फिरत नाही!" मामा कडाडले. "ती जागच्या जागी थरथरते! टणक असेल तेच कापते, कातडीला काही होत नाही!"

आजींनी डोळे उघडले. "अगंबाई! हा आवाज मी ऐकलाय. तुम्ही त्या मोठ्या इस्पितळातले प्लास्टरवाले ना? आमच्या नातीचा हात तुम्हीच सोडवला होता. महिनाभर कोणी मोठ्याने बोललं की पोर दचकायची."

"तो मी नव्हे," मामा म्हणाले, पण तेही त्याच आवाजात.

"थांबा हं," टेम्पोवाला म्हणाला. "तुमच्या इस्पितळात मशीन आहे?"

"आहे."

"कापणारी माणसं आहेत?"

"आहेत."

"मग तुम्ही इथे कशाला आलात? आणि एवढा घाम कशाचा?"

मामांनी शालीच्या टोकाने कपाळ पुसलं. टेम्पोवाला सगळ्यांकडे बघत म्हणाला, "ज्याचं मशीन तोच पळून आलाय. म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय."

आत यंत्र पुन्हा घुरघुरलं आणि तेवढं पुरलं. शिक्षिकाबाई एका पायावर उड्या मारत दाराकडे निघाल्या. आजी हात छातीशी धरून त्यांच्या मागे. टेम्पोवाल्याने कुबड्या काखेत घेतल्या आणि तो सर्वांच्या पुढे गेला. दाराबाहेर चार गुळगुळीत पायऱ्या होत्या, त्याही नुकत्याच पुसलेल्या. कुबडीचं टोक पहिल्याच पायरीवर सर्रकन सरकलेलं मामांनी पाहिलं. एका भित्र्या माणसापायी आता तिघांची हाडं नव्याने मोडणार होती.

"थांबा!" मामा ओरडले. "आधी मी आत जातो. सगळ्यांनी दारातून बघा. मला काही झालं तर खुशाल पळा!"

ज्यासाठी मामा शहर ओलांडून आले होते, ते असं पाण्यात गेलं. दारात तीन डोकी दाटीवाटीने उभी राहिली. प्लास्टर काढणाऱ्या ताईंनी यंत्र हातात घेतलं.

"घाबरू नका हं, काका."

"मी घाबरलेलो नाही."

"मग माझ्या कोटाची बाही सोडता का?"

मामांनी बाही सोडली. "ताई, हे कापत नाही ना?"

"तुम्हाला नाही माहीत?"

"बावीस वर्षं मी सांगतोय. ऐकायची वेळ आज आली."

यंत्र टेकलं. मामांनी डोळे घट्ट मिटले आणि त्यांच्या तोंडून "आई गं!" अशी स्पष्ट हाक निघाली. मनगटाला गुदगुल्या झाल्या, ऊब लागली, मग खटकन आवाज झाला आणि प्लास्टरची दोन शकलं वेगळी झाली. आतून कोरडा, काटकुळा, पण अख्खा हात बाहेर आला.

"कापलं का?" दारातून प्रश्न आला.

"नाही," मामा म्हणाले. त्यांचा आवाज कधी नव्हे इतका खाली आला होता. "गरम लागतं. हात थरथरतो. आणि भीती वाटते, फार वाटते. पण कापत नाही."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ते परत बाकावर येऊन बसले. मग एकेकाचा नंबर लागला आणि एकेकजण मोकळा होऊन घरी गेला. आजी जाताना मामांच्या पाठीवर हात ठेवून गेल्या. मामा ताठरलेली बोटं हळूहळू मिटत उघडत बसले.

"शेवटचा नंबर!" ताईंनी हाक मारली.

कोपऱ्यातलं वर्तमानपत्र खाली आलं. मामा ताडकन उभे राहिले. त्यांच्याच इस्पितळातले हाडांचे मोठे डॉक्टर!

"साहेब, तुम्ही? हा पाय कधी?"

"तुम्ही रजेवर गेलात त्याच आठवड्यात. जिन्यात."

"मग आपल्याकडे मशीन होतं की."

"ते तुमच्यासाठीही होतं. आणि बघायला जमणारा स्टाफही तोच," डॉक्टर म्हणाले. मग जमिनीकडे बघत पुढे म्हणाले, "उद्या तुमची रजा संपतेय, मामा. म्हणून आजच उरकायला आलो."

"एवढी भीती वाटते मशीनची?"

"मशीनची थोडी. तुमची जास्त. तुम्ही फार रागावता हो."

मामांना फार वाईट वाटलं. बावीस वर्षांत आपल्यासमोर रडलेली सगळी पोरं त्यांना एकदम आठवली, आणि त्यांच्यापैकी एकालाही आपण साधं जवळ घेतलं नव्हतं हेही आठवलं. ते डॉक्टरांबरोबर आत गेले. डॉक्टर टेबलावर आडवे झाले. ताईंनी बटण दाबताच त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मामांच्या ओठावर नेहमीचं वाक्य आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

"भीती वाटतेय, साहेब?"

"हो."

"मलाही वाटली होती. हात धरू?"

डॉक्टरांनी झडप घालून मामांचा हात पकडला आणि जीव खाऊन आवळला. मामांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, तरी त्यांनी आवाज अगदी मऊ ठेवला.

"साहेब, हा नको, हा आत्ताच सुटलाय. हा दुसरा धरा."