मच्छरदाणीतली तूर

आमच्या मुर्रीत मच्छर असे, की संध्याकाळी दार उघडं राहिलं तर माणूस उचलून नेतील. आणि कटरे गुरुजी मच्छरदाणी घालतात कोणाला? तुरीला! परसात चार काठ्यांवर पलंगाची मच्छरदाणी ताणलेली, आत तुरीची झाडं, आणि गुरुजी बाहेर ओट्यावर फटाफट स्वतःच्याच थोबाडात मारत पडलेले. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हातातली कढई घेऊन तशीच उभी राहिले.

"बाप्पा! गुरुजी, दुसरी घ्या ना स्वतःले."

"घेतली ना वं गोंदियाहून. तेबी तिच्यावरच टाकली. दुहेरी."

मी शेजारीण, त्यात घरी शिलाई मशीन. जाळीला छेद पडला की गुरुजी माझ्या दारात. "बारीक टाका घाल. मधमाशी शिरली नाई पाहिजे." जन्मभर शाळेत शेती शिकवलेला हा माणूस मधमाशी दिसली की टॉवेल फिरवत असा धावायचा, की माझी म्हैस दावं तोडायची.

आता पुढे ऐका. हाच माणूस गावाला उपदेश काय करतो? "परकं रगत पाहिजे!" घरचा कोंबडा घरच्या कोंबड्यांत ठेवू देत नाही, फुलचूरहून बदलून आणायला लावतो. माझ्या पुतण्याचं मामाच्या पोरीशी जमत होतं. पाहुणे बसलेले. गुरुजींनी दोन बशा पोहे संपवले, हात धुतले आणि म्हणाले, "मामाची पोरगी कायले करता? घरातल्या घरात बी फिरवलं का पीक खुजं होते. परकं रगत आना, मंग पाहा जोम!" जोम किती, ते दाखवायला हात डोक्याच्याही वर नेला. पोरीच्या आईच्या हातातला चहा सांडला. माझी जाऊ अजून माझ्याशीच बोलत नाही, जसं काही गुरुजी मीच पेरले.

यंदा दिवाळीनंतर पुन्हा जाळी शिवायला गेले, आत डोकावले आणि धक्काच बसला. पूर्वी माझ्या डोक्यावर जाणारी तूर गुडघ्याएवढी! एकच झाड उरलेलं, फुलं धरत होतं आणि गाळत होतं. शेंग एक नाही. आणि पलीकडच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधाला, शेजाऱ्यांची तूर माणूस लपेल एवढी. माझं तोंड थांबतं का?

"गुरुजी, साऱ्या मुर्रीले परकं रगत, आन् तुमच्या तुरीले पडदा? काऊन?"

वाटलं, आता ओरडतील. ते मातीतच बसले.

"हे तुह्या काकूच्या माहेरचं बी होय."

काकू म्हणजे त्यांची बायको. जाऊन बरीच वर्षं झाली. लग्नात पदराला बांधून आणलेली ती तूर ती दरसाल लावायची. त्या वरणाचा वास आमच्या घरापर्यंत यायचा.

"ते गेली, आन् मधमाशा बाजूची तूर हिच्यात मिसळून राहिल्या. वरनाची चव बदलली. म्हनून झाकली. तिच्यासारखा दाना दिसन, त्याच झाडाचं बी धरत गेलो."

"पण त्यानं खुजी होते, हे तुम्हीच तं सांगता!"

"मले मालूम नाई का? पोरांना हेच शिकवत आलो." मग हळूच म्हणाले, "पन तिचं जितं असं घरात दुसरं काई उरलंच नाई वं. यंदा शेंग नाई लागली, का संपलं."

एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालते. त्या दिवशी मी खाली बसून जाळीचा छेद तेवढा शिवला, अगदी बारीक टाका घालून.

त्याच आठवड्यात, सकाळी सकाळी, गुरुजी दारात. हातात दोन्ही मच्छरदाण्या, धुऊन घडी केलेल्या. "तुह्याजवळ ठेव. घरी राहिल्या तं मी पुन्हा झाकीन."

मी हबकलेच! तशीच त्यांच्या परसात धावले. झाड उघडं, बाजूला गुरुजींची खुर्ची. तेही मागून येऊन बसले. तेवढ्यात धुऱ्यावरच्या तुरीवरून एक मधमाशी आली आणि घिरट्या घालू लागली. मी गुरुजींसारखाच खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल उचलला. गुरुजींनी माझा हात धरला.

"येऊ दे."

आणि त्यांनी आपली खुर्ची मागे सरकवली, तिला वाट करून दिली. माशी फुलात शिरली. गुरुजींचे डोळे भरून आले होते.

"पुढच्या सालची तूर अर्धी तं तुह्या काकूचीच राहीन ना वं?"

"राहीन गुरुजी," मी म्हटलं.