भिंगापुढचा पंजा

दुबईत देरा भागातल्या उघड्या थिएटरात विलायती विनोदी चित्रपट लागणार, ही बातमी कोकणी जमातीने अत्यंत गांभीर्याने घेतली. साल होतं १९६८. चित्रपटात गिटारी बडवणारी चार केसाळ पोरं होती, आणि त्यांच्या मागे थेट न्हाणीघरापर्यंत धावणाऱ्या, झगा घालायला विसरलेल्या मडमा. जमातीचे पुढारी हाजी खैरुद्दीन यांनी तातडीने शालीनता रक्षण समिती स्थापन केली.

प्रोजेक्टर चालवणारा यूनुस रत्नागिरीचाच. हाजींची भाची अजरा हिच्याशी त्याचं लग्न ठरलेलं, आणि तिच्यावर बिचाऱ्याचा जीव जडलेला. हाजींनी त्याला बोलावून घेतलं.

"हे बघ, सीन गंदा आला की भिंगापुढे पंजा धरायचा. एक जरी मडम निसटली, तर शादी खलास!"

"पण चाचा, पंजा कधी धरायचा ते कळायला मला बघावं लागेल ना?"

हाजी चपापले. घरचा होणारा जावई मडमा बघणार? लगेच बैठक भरली आणि ठराव झाला: यूनुसने डोळ्यांवर पट्टी बांधावी. बघण्याचं अप्रिय कर्तव्य एका विवाहित सभासदाने पार पाडावं. त्याने अरबीत 'यल्ला', म्हणजे 'चल', म्हणताच पंजा पुढे यावा. या अप्रिय कर्तव्यासाठी एकजात सगळे हात वर झाले. कंबर धरून अंथरुणाला खिळलेले जहूरसेठसुद्धा ताडकन उठून आले.

एकटा माणूस बिघडू शकतो, म्हणून दोघे नेमले. दोघे संगनमत करतील, म्हणून अख्खी समितीच नेमली. तेव्हा हाजींच्या बेगम ताजबी कडाडल्या, "आणि आमचे मर्द काय बघतात, त्याचं सुपरव्हिजन कोण करणार?" मुद्दा बिनतोड होता. अजरासकट महिला निरीक्षण पथक स्थापन झालं.

पहिल्याच खेळाला सगळ्या खुर्च्या समितीने भरून गेल्या. जिचं रक्षण करायचं ती जनता तिकिटं घेऊन फाटकाबाहेर उभी राहिली. यूनुस पट्टी बांधून, पंजा सरसावून तयार होता. पहिली मडम आली. "यल्ला!" पंजा पुढे, पडदा काळा.

मग जहूरसेठ उठले. "हाजीसाहेब, पॉइंट ऑफ ऑर्डर! पंजामागे काय होतं ते दिसलंच नाही, तर गंदं होतं हे सर्टिफाय कसं करायचं?"

"बात सही आहे," हाजी म्हणाले. "यूनुस, पंजा काढ. तपासणी चालू आहे."

ती चित्रपट संपेपर्यंत चालूच राहिली. पट्टीआडच्या यूनुसला फक्त तपासणीच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या, आणि त्याला भयंकर रडू येत होतं.

दिवे लागले. हसून डोळ्यांत आलेलं पाणी पुसत हाजींनी निकाल दिला: सदर चित्रपट अत्यंत अश्लील असून कोणाही सभ्य माणसाने तो बघू नये. खात्रीसाठी शुक्रवारी फेरतपासणी होईल. आणि असला सिनेमा अख्ख्या जमातीला दाखवणाऱ्या इसमाला आमची मुलगी मिळणार नाही.

"पण चाचा, मी तर काहीच नाही बघितलं!"

"तेच तर!" अजरा ओढणीआड हसत म्हणाली. "मग आपण दोघं बोलणार कशावर?"

न्हाणीघरात पुढे काय झालं, हे यूनुस अजून ज्याला त्याला विचारतो. सांगत कोणीच नाही, सगळे सभ्य आहेत. आणि वाचकहो, तुम्हीही त्याच सीनच्या आशेने इथवर आलात ना? लाजू नका. जहूरसेठनी शेजारची खुर्ची तुमच्यासाठी धरून ठेवली आहे.