भिवबा गव्याचं गवतमुक्त भाडं

एका जंगलात, आणि ते तुमच्या गावापासून फार फार लांब होतं हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर उगाच कुणीतरी अंगावर ओढून घेतं, एक गवा राहत होता. त्याचं नाव भिवबा.

जंगल संपलं की उघडाबोडका माळ लागायचा. माळापलीकडे आंब्याची राई. शाळा, दवाखाना, बाजार, सगळं त्या राईत. माळावर झाड नाही, झुडूप नाही, गवताची काडी नाही. वर घार घिरट्या घालत असायची. लहान प्राणी एकटा निघाला की घारीच्या घरी जेवण व्हायचं.

म्हणून सगळे भिवबाच्या पाठीवर बसून जायचे. गव्याच्या अंगावर यायची घारीची काय बिशाद!

भाडं साधं होतं. ओढ्याकाठचं मूठभर हिरवं गवत आणायचं आणि चढताना भिवबाच्या तोंडात द्यायचं. भिवबा ते चघळत चघळत चालायला लागायचा. झालं. सुट्ट्या पैशांची कटकट नाही, भांडण नाही.

किती छान, असं म्हणताय ना? म्हणू नका. छान चाललेल्या गोष्टीवर कुणाची तरी नजर पडतेच.

इथे पडली पिसारेसाहेबांची. पिसारेसाहेब म्हणजे मोर. सिंहमहाराजांच्या दरबारात वाहतुकीचं खातं त्यांच्याकडे होतं. ते नुकतेच दुसऱ्या जंगलाचा अभ्यासदौरा करून आले होते. तिथे त्यांनी काय अभ्यास केला ते देवाला ठाऊक, पण परत आले ते नाक मुरडतच.

"शी! तोंडात गवत देऊन प्रवास?" ते महाराजांना म्हणाले. "दुसरी जंगलं कुठल्या कुठे गेली! यापुढे आपला प्रवास गवतमुक्त."

महाराज गवत खात नव्हते. त्यांनी लगेच मंजुरी दिली.

आता व्यवस्था ऐका हं, नीट ऐका, मला पुन्हा सांगायला लावू नका. गवत भिवबाला द्यायचं नाही. ते पिसारेसाहेबांच्या कचेरीत भरायचं. कचेरी एक कार्ड देणार. कार्ड म्हणजे पळसाचं पान, त्यावर साहेबांच्या पायाचा ठसा. भिवबाच्या शिंगावर एक टिटवी नेमली होती. तिला कार्ड दाखवायचं. ती 'टिंव' म्हणाली की चढायचं. पान वाळलं की मुदत संपली, पुन्हा रांगेत उभं राहायचं.

भिवबा बिचारा भीत भीत कचेरीत गेला.

"साहेब, आणि माझं गवत?"

"तुझ्याच नावावर जमा होतंय की!" पिसारेसाहेबांनी खिडकीतून ढीग दाखवला. ढीग चांगला डोंगराएवढा झाला होता. "ती बघ तुझी शिल्लक."

"मग खायचं कधी?"

"अरे, शिल्लक खायची नसते. बघायची असते."

भिवबाने बघितली. पोटभर बघितली. मग परत फेऱ्या मारायला गेला. दिवसभर पाठीवर माणसं, चुकलो, प्राणी. चरायला वेळ कुठला त्याला?

त्याच जंगलात तुरतुरी नावाची एक खार होती. शाळेत जाणारी, अंगाने एवढीशी, पण जिद्दीची. तिची आई आणि पाच भावंडं एका फुटक्या खोडाच्या चिरेत दाटीवाटीने राहत होती. पाऊस आला की सगळी भिजायची. शाळेत वर्षातून एकदा उडीची परीक्षा व्हायची. जी खार पास होईल तिला राईतल्या आंब्यावर हक्काची ढोली मिळायची. ढोली मिळाली की आईला आणि भावंडांना तिकडे न्यायचं, एवढंच तुरतुरीच्या डोक्यात होतं. ती रात्रंदिवस उड्या मारत होती. आईच्या डोक्यावरूनसुद्धा.

विद्यार्थ्यांना निम्म्या गवतात कार्ड मिळायचं. फक्त शाळेचा दाखला लागायचा. शाळा माळापलीकडे, म्हणजे दाखला आणायला पूर्ण भाड्याचं कार्ड लागायचं. तुरतुरीने तेही काढलं, दाखला आणला, रांगा लावल्या आणि सवलतीचं कार्ड मिळवलं. ते ती छातीशी धरून झोपायची, वेडी पोर.

परीक्षेचा दिवस उजाडला. भिवबाच्या पाठीवर साळूबाई साळिंदर बसल्या, त्या दवाखान्यात निघाल्या होत्या. एक कुरकुऱ्या ससा बसला. तुरतुरी बसली. टिंव, टिंव, टिंव. कुणाचंच काही चुकलेलं नव्हतं.

माळाच्या ऐन मध्यावर भिवबाचे पाय लटपटले. तो फतकल मारून खाली बसला.

"अहो भिवबा, काय झालं?" ससा ओरडला. "भाडं भरलंय आम्ही!"

"भरलंय ना," भिवबा म्हणाला. "मला कुठे पोचलंय?"

साळूबाई उतरल्या. "ढकलू या का सगळ्यांनी?"

"बाई, पाया पडतो, तुम्ही नका ढकलू," भिवबा घाईघाईने म्हणाला.

वर घार आली. तिला कळलं, गवा बसलाय. ती खाली खाली यायला लागली. ससा भिवबाच्या पोटाखाली शिरला आणि तिथून सरकारला शिव्या घालू लागला. गवताची एक काडी कुणाकडे असेल तर शपथ! गवत घेऊन प्रवास करायला आता बंदीच होती.

तुरतुरीने हातातल्या कार्डाकडे बघितलं. ठसा होता, सवलत होती, आणि खाली, काही झालं तरी, ते पान होतं. तिला रडूच आलं. पण तिने ते भिवबाच्या तोंडाशी धरलं.

"काका, खा."

"तुझं कार्ड आहे, बाळ."

"खा म्हणते ना!"

भिवबाने खाल्लं. मग साळूबाईंनी दिलं. मग सशाने दिलं, पण आधी पोचपावती मागितली. भिवबाच्या अंगात जरा धुगधुगी आली. तो उठला आणि धापा टाकत, ठेचकाळत राईच्या वेशीवर पोचला. घार हात चोळत माघारी गेली.

आता तुम्ही टाळ्या वाजवणार. थांबा जरा. वेशीवर तपासनीस उभा होता.

तपासनीस तरस होता. "कार्डं काढा."

"गव्याने खाल्ली," साळूबाई म्हणाल्या.

"रोज नवीन कारणं!" तरस म्हणाला. "दहापट दंड. दंड कार्डाने भरायचा."

"कार्डच तर नाहीये!"

"मग बसून राहा."

तेव्हा भिवबा पुढे आला. जन्मात कधी साहेबांपुढे तोंड न उघडणारा तो गवा, पण त्या दिवशी बोलला. "साहेब, कार्डं हरवली नाहीत. माझ्या पोटात आहेत. टिटवीला विचारा."

टिटवी शिंगावरून उतरली, भिवबाच्या पोटापाशी गेली, मान वाकडी करून बघितलं.

"टिंव," ती म्हणाली. "टिंव. टिंव."

तरस चाट पडला. यंत्रणा हो म्हणतेय म्हटल्यावर तो तरी काय करणार? साळूबाई गेल्या. ससा गेला. तुरतुरी उडी मारणार, तोच तिच्या शेपटीवर पंजा पडला.

"तुझं सवलतीचं. सवलतीचं कार्ड विद्यार्थ्याने स्वतः दाखवायचं असतं. पोटाने दाखवलेलं चालत नाही."

"मी विद्यार्थिनी आहे हो! आज परीक्षा आहे माझी!"

"पुरावा?"

"कार्ड."

"कार्ड कुणाकडे आहे?"

"भिवबाकाकांच्या पोटात."

"मग विद्यार्थी ते पोट आहे," तरस म्हणाला. त्याला स्वतःलाच हे फार पटलं.

भिवबाने विनवलं, टिटवीसुद्धा दोनदा टिंव म्हणाली. पंजा हलला नाही. शाळेची घंटा झाली. तुरतुरी तिथेच बसून रडली. मला सांगतानासुद्धा त्या तरसाचा असा संताप येतो की विचारू नका. परीक्षा संपल्यावर त्याने तिला सोडलं, वर सांगितलं, की परीक्षेला न बसलेल्याला विद्यार्थी धरत नाहीत, तेव्हा पुढच्या वेळी येताना पूर्ण भाडं भर.

दरबारात चौकशी झाली. गव्याने कार्डं खाल्ली, ही कार्डाची चूक ठरली. पिसारेसाहेबांनी नवीन कार्डं काढली. दगडाची. ती गळ्यात बांधून ससा वाकून चालायला लागला.

जंगलातल्या कुणी मोर्चा काढला नाही, की निवेदन दिलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी तुरतुरीच्या आईने एका हाताने टिटवीला कार्ड दाखवलं आणि दुसऱ्या हाताने काखेतलं गवत हळूच भिवबाच्या तोंडात सरकवलं. साळूबाईंनी ते पाहिलं. मग सशाने पाहिलं. आठवडाभरात सगळं जंगल काखेत गवत घेऊन फिरू लागलं. टिटवीने काही पाहिलं नाही. तिला फक्त कार्डं बघायला नेमलं होतं.

भिवबा पुन्हा धष्टपुष्ट झाला. पुढच्या वर्षी तुरतुरी वेळेवर पोचली, अशी उडी मारली की मास्तर बघतच राहिले, आणि तिला ढोली मिळाली. आई आणि पाचही भावंडं ढोलीत नांदायला आली.

ढोली द्यायला, बिऱ्हाड हलायच्या आधी, खुद्द पिसारेसाहेब आले होते. पिसारा फुलवून म्हणाले, "बघा! गवतमुक्त प्रवास आल्यापासून गवा अधिक वेगाने धावतोय. ही मुलगी वेळेवर पोचली ती केवळ कार्डामुळे!"

तुरतुरीने तोंड उघडलं. आईने तिला कोपरखळी मारली.

"गप बस," आई कुजबुजली. "आणि टाळ्या एकाच हाताने मांडीवर वाजव. दुसरा हात उचललास तर परतीचं गवत खाली पडेल."

तात्पर्य: मुलांनो, सरकारची नवी योजना हमखास यशस्वी होते. जुनी पद्धत तेवढी आपण गुपचूप चालू ठेवायची असते.