पाठीवरचे डोळे

"किडा असा काढीन, की त्याची आईसुद्धा फसेल!" चित्रकाराने सकाळीच जाहीर केलं. कीटकतज्ज्ञ बाईंनी नमुना म्हणून एक भुंगेरा डबीत पाठवला होता. चित्र पसंत पडलं, तर कीटकांच्या अख्ख्या पुस्तकाचं काम त्याला मिळणार होतं. साबणाच्या वेष्टनांवर गुलाब काढून काढून बिचाऱ्याचा जीव अगदी विटला होता.

बायकोने डबी उघडली आणि किंचाळलीच. "अहो, हा माझ्याकडे बघतोय!"

"मेलाय तो! मेलेला काय बघणार?" असं म्हणत त्याने भुंगेरा टेबलावर उताणा ठेवला. आधी पोट आणि पाय काढायचे, सोपी पाठ शेवटी, ही त्याची शिस्त! पोट झालं, पाय झाले. आता पाठीकडे वळावं म्हणून त्याने चिमटा उचलला आणि टक्! मेलेला भुंगेरा वीतभर उंच उडून दिसेनासा झाला.

सोफा उलटा झाला, कपाटं रिकामी झाली. भुंगेरा नाही तो नाहीच!

"संध्याकाळी बाई येणार! आणि मी त्याची पाठ धड बघितलीसुद्धा नाही!" चित्रकार मटकन खाली बसला.

"मी बघितलीय ना! जन्मात विसरणार नाही. घ्या पेन्सिल," बायको म्हणाली. "अंग लांबट, काळं, वर पीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके. डोक्यामागे ढाल, तिचे मागचे कोपरे टोकदार. आणि त्या ढालीवर दोन डोळे! काळेभोर, भोवती पांढरी कड."

"पाठीवर डोळे? काहीतरीच काय!"

"काढा म्हणते ना! मोठे! अजून मोठे!"

संध्याकाळी बाईंनी चित्र खिडकीशी धरलं. "खरे डोळे पुढे, डोक्यावर असतात. बारीकसे. हे नुसते ठिपके, शत्रूला घाबरवायला." चित्रकाराचा चेहरा पडला. "पण इतके दरारा बसवणारे मी चित्रात कधी पाहिले नव्हते! जरा मोठे झालेत का? भुंगेरा कुठाय?"

चित्रकार उगाच टेबलाखाली वाकून बघू लागला.

"बाई, तुमच्या खांद्यावर!" बायको ओरडली.

"हा मेल्याचं सोंग घेतो आणि टक्कन उडतो!" म्हणत बाईंनी शांतपणे तो उचलून चित्राशेजारी ठेवला, भिंगातून दोन्हीकडे पाहिलं. "प्रमाण अगदी बरोबर! पुस्तक तुमचं!"

चित्रकाराची छाती फुगली. "माझं निरीक्षण पहिल्यापासूनच..." बायको खाकरली. "म्हणजे, हिचं निरीक्षण."

"मग एक अट," बाई हसल्या. "बघायचं ताईंनी, काढायचं तुम्ही." आणि त्यांनी पिशवीतून पुढची डबी काढली.

बायकोने ऐटीत झाकण उघडलं, आत वाकून पाहिलं. "अहो, घ्या पेन्सिल! पाय केसाळ, मिशा लांबलचक..."

खुर्ची करकरली. तिने मागे वळून पाहिलं.

"आधी त्या खुर्चीवरून खाली उतरा, मग सांगते!"